कुंकवाचं बटण

स्कूटरच्या बाबतीत बाबांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता आणि कारच्या बाबतीत काडीचाही नव्हता. पंचवटीतल्या घरून पूजा सांगायला निघाले की ते सोवळ्याची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या मागे निर्धास्त बसत आणि भर गर्दीत डोळे मिटून स्तोत्र म्हणत. पण अंगणात चादरीखाली झाकलेल्या आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा विषय काढला की म्हणत, "चारचाकी तुझ्या हातात राहायची नाही." ती गाडी त्यांनी स्वतःच, नव्वदच्या दशकात, घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याच फाटकावर घातली होती. फाटक दुरुस्त झालं, बाबा झाले नाहीत. तेव्हापासून किल्ली देवघरात बाळकृष्णाच्या मागे असायची आणि फक्त रविवारी, इंजिन तापवण्यापुरती, बाहेर निघायची.

मला ती किल्ली हवी होती. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. सिन्नरच्या एका कारखान्यात मी नोकरीला होते आणि रोज शेअर जीपनं जात होते. जीपमध्ये पुढच्या सीटवर चालकासकट पाच जण बसत, गिअर माझ्या गुडघ्यावर आपटे आणि चालक निम्मा दाराबाहेर लटकून गाडी चालवी. लायसन्स काढून दोन वर्षं झाली होती. बाबांना वाटे, जीपमध्ये मी सुरक्षित आहे!

त्या दसऱ्याला निफाडकडच्या माझ्या एका मित्रानं बाबांना गाडीच्या पूजेला बोलावलं. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, आता तो द्राक्षबाग बघायचा. मुंबईहून त्यानं जुनी, परदेशी, दोनच सीटची लालभडक स्पोर्ट्स कार आणली होती आणि चौथ्याच दिवशी पाय मोडून घेतला होता. गाडीमुळे नव्हे, बागेतल्या शिडीवरून पडून. प्लास्टरमधला पाय पुढे करून तो आम्हाला गाडीचं कौतुक सांगत होता.

"लय हुशार गाडी हाय, गुरुजी. चाक घसरायला लागलं ना, आपलीआपण ब्रेक दाबती अन् सरळ होती. येड्यानं चालवली तरी फिरायची नाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते 'येड्यानं' मला उद्देशून होतं असं त्यांचं मत पडलेलं दिसलं.

पूजेत लिंबू चाकाखाली चिरडायचं असतं, म्हणून मी आत बसून इंजिन चालू केलं. आवाज असा की माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. मित्र कुबडी टेकत मागच्या बाजूला झेंडूची माळ बांधत होता. बाबांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, मग डावीकडून आत वाकून स्टिअरिंगला कुंकू लावलं, गिअरला लावलं. मधे एक बटण होतं. त्यावर छोटीशी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"गाडीचं चित्र आहे."

"मग इथं तर पाहिजेच." त्यांनी कुंकवाचा अंगठा त्या बटणावर टेकवला आणि मंत्र संपेपर्यंत तसाच दाबून धरला. बाबांचे मंत्र आखूड नसतात. समोर एक पिवळा दिवा लागला.

"दिवा लागला," बाबा समाधानानं म्हणाले. "शुभ झालं."

मग अडचण आली. पहिली चक्कर मुहूर्तावर व्हायला हवी. मालकाचा पाय प्लास्टरमध्ये, चालक सणाला गावी गेलेला, मित्राचे वडील ट्रॅक्टरशिवाय कशाला हात लावत नसत. चक्कर मारताना गुरुजी आत बसलेच पाहिजेत हा नियम बाबांचा. मुहूर्तही बाबांनीच काढलेला, आणि तो टळायला सहा मिनिटं उरली होती. स्वतःच्या पंचांगात माणूस कसा अडकतो ते मी डोळ्यांनी पाहिलं. बाबा तबक मांडीवर घेऊन पाटावर बसावं तसे त्या बुटक्या सीटवर बसले आणि म्हणाले, "हळू."

द्राक्षं भरायच्या शेडसमोर सिमेंटचं मोठं मोकळं आवार होतं, सणासाठी सकाळीच धुतलेलं, ओलं. लिंबू चिरडून मी एक चक्कर अगदी शहाण्यासारखी मारली. दुसरीही तशीच मारली असती. पण गाडी हुशार आहे, फिरायची नाही, हे मी ऐकलं होतं ना! वळणावर मी पाय जरा दाबला.

मागची बाजू आमच्या आधी निघाली. शेड खिडकीतून आडवी सरकत गेली, मित्र गेला, रिकाम्या क्रेट्सची थप्पी गेली आणि गाडी आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. इंजिन गुरगुरत होतं. तबकातलं कुंकू बाबांच्या उपरण्यावर, मिशीवर, काचेवर पसरलं होतं. संपलं, मी मनात म्हटलं, आता किल्ली जन्मात मिळत नाही.

बाबांनी मिशी पुसली. "अर्धीच झाली," ते म्हणाले.

"काय?"

"प्रदक्षिणा. शंकराची अर्धी चालते, गाडीची नाही. पूर्ण कर."

मी पहिला गिअर टाकला. ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांनी पावसाळ्यात कसारा घाटाबद्दल सांगितलेलं आठवलं: मागची चाकं जातील तिकडेच स्टिअरिंग द्यायचं आणि ब्रेक विसरायचा. या वेळी मागची बाजू निघाली तेव्हा मी तिला जाऊ दिलं, पण माझ्या हिशेबानं. गाडी तिरकी तिरकी, मोठ्या डौलात अर्धं आवार फिरली आणि मी ती सरळ करून मित्रासमोर आणून उभी केली. मला हसू आवरेना. बाबा तर उपरण्यात तोंड खुपसून खोखो हसत होते. त्यांना असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मित्र कुबडी उगारत लंगडत आला. आत डोकावून त्यानं पिवळा दिवा पाहिला, मग लाल झालेलं बटण पाहिलं.

"अगं, हे बंद हाय! हे दाबून धरलं की गाडीची सगळी हुशारी बंद पडती. कोणी दाबलं?"

आम्ही दोघांनी बाबांच्या अंगठ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"म्हणजे गाडी आवरली कोणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"हिनंच की, गुरुजी. दुसरं कोण हाय आत?"

परतताना स्कूटरवर बाबांनी स्तोत्रसुद्धा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप पकडायला निघाले तर अंगणात गाडीवरची चादर काढलेली, चाकाखाली लिंबू आणि बाबा आत वाकून स्टिअरिंगला कुंकू लावताहेत.

"हिला कुठलं बटण नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. हिला हुशारी अशी काही नाहीच."

"मग ठीक आहे." त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मग माझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि अंगठा बराच वेळ तसाच दाबून धरला.