मांडीवरचा खिसा

काल रंगाऱ्यानं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि त्या वासानं मला थेट हवाई दलाच्या हँगरमध्ये नेलं, जिथं मी विमानांची इंजिनं दुरुस्त करायचो. त्या दिवशी इस्लामपूरला आई शेवटच्या घटका मोजत होती. माझी रजा मंजूर होती, दुपारची गाडी होती. इंजिनाचं काम आटोपून हत्यारं मोजली, तर एक पाना कमी. इंजिनात राहिला तर विमान पडेल, म्हणून सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. सगळ्यांनी इंजिन पुन्हा उघडलं. संध्याकाळी पाना निघाला माझ्याच अंगातल्या कामाच्या डांगरीच्या मांडीवरच्या खिशात. दुसऱ्या दिवशी उशिराच्या गाडीनं घरी पोचलो, तेव्हा चिता विझत आली होती. वहिनी म्हणाली, “भावजी, सकाळी वरनं इमान गेलं, तवा आत्याबाई म्हनल्या, दार उघडा, आला त्यो.” आता निवृत्त झालोय, तरी वरून विमान गेलं की माझा हात आधी मांडीकडे जातो.