चौदा नंबरची स्लाइड

तुमच्या डॉक्टरकीचं श्रेय कुणाला, असं मला दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारतं. कधी चर्चच्या जेवणात, कधी शाळेच्या समारंभात. मी आर्व्हिला मीन्ट्स हे नाव सांगतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, त्या कुठला विषय शिकवायच्या? तिथे माझं डोकं फिरतं. त्या काहीही शिकवत नव्हत्या. आयोवातल्या आमच्या छोट्या कॉलेजात, जीवशास्त्र विभागाच्या काउंटरमागे त्या एकतीस वर्षं बसल्या. टायपिंग, चाव्या, विषय घेण्या-सोडण्याचे अर्ज आणि स्लाइडच्या पेट्यांवरची लेबलं, हे त्यांचं काम. स्वतः शाळेपुढे शिकल्या नव्हत्या.

सत्त्याऐंशी साली मी तिसऱ्या वर्षाला होतो. वडील शेताशेतावरून दूध गोळा करून टँकर डेअरीवर न्यायचे. घरात डॉक्टर सोडा, कॉलेजची पायरी चढलेलंही कुणी नव्हतं. मेडिकलला अर्ज करायचा तर रसायन, भौतिकी वगैरे घ्यावंच लागतं, तिथे मर्जी चालत नाही. मर्जी चालते ती दोन-तीन ऐच्छिक विषयांत, आणि नेमकी तिथेच आमची अक्कल गहाण पडायची. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत मला सी मिळाला होता. असा आणखी एक सी, की मेडिकल विसरा. म्हणून मला हमखास ए देणारा विषय हवा होता. त्यात शिकवतात काय, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

"हिस्टॉलॉजी घे, मीही घेतोय," माझ्या खोलीत राहणारा कर्टिस म्हणाला. "नाव भारदस्त, कष्ट शून्य. शिकवणाऱ्या डॉ. स्कॉगनची स्लाइडची पेटी त्याच्या लग्नाआधीची आहे. परीक्षेला त्याच स्लाइड. डोळे मिटून ए."

हिस्टॉलॉजी म्हणजे शरीरातल्या एखाद्या भागाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि तो कशाचा ते ओळखायचं. अर्ज घेऊन काउंटरवर गेलो, तर मिसेस मीन्ट्सनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हा विषय का रे?"

"डॉक्टर व्हायचंय."

"ते या काउंटरवर येणाऱ्या निम्म्यांना व्हायचं असतं. हाच का, ते सांग."

"आवड आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

वरच्या वर्गाच्या पोरांकडून आम्हाला एक जुनी वही मिळाली होती. तीत पेशींबद्दल चकार शब्द नव्हता. चौदा नंबर, डावा कोपरा तुटलेला: मूत्रपिंड. एकोणीस नंबर, मधोमध बुडबुडा: थायरॉइड. बावीस, रंग उडालेला: यकृत. अठरा जणांच्या वर्गाने ती वही घोकली. तिसऱ्या आठवड्यात परीक्षा झाली. टेबलावर वीस सूक्ष्मदर्शक, दर दीड मिनिटाला घंटा, मग पुढच्या खुर्चीवर सरकायचं. पहिल्याच स्लाइडला माझ्या तोंडचं पाणी पळालं. नंबर नाही, तडा नाही, बुडबुडा नाही. सगळी पेटीच नवी होती. मला वीसपैकी चार मिळाले, आणि त्यातले दोन नशिबाने.

शुक्रवारी दुपारपर्यंत विषय सोडता येत होता. सोडला की गुणपत्रिकेवर नुसता डब्ल्यू लागतो, म्हणजे विषय मागे घेतला; नापासाचा शिक्का नाही. त्याऐवजी ऑक्टोबरात सुरू होणारा पोषणशास्त्राचा अर्ध्या सत्राचा कोर्स घ्यायचा. तिथे म्हणे काय खाल्लं ते लिहून आणलं की ए. मी मंगळवारी अर्ज भरून काउंटरवर ठेवला.

मिसेस मीन्ट्स सँडविच खात होत्या. त्यांनी अर्ज वाचला, सँडविच खाली ठेवलं आणि अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला.

"शुक्रवारी बाराला शिक्का मारते. तोवर आजपासून तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत ये."

"तुमच्याकडे?"

"माझ्याकडे चाव्या असतात. आणि आजवर मला बघायला कुणी मनाई केलेली नाही."

पोषणशास्त्र कुठे पळून जात नव्हतं, म्हणून गेलो. त्यांनी एक स्लाइड लावली.

"बोल."

"थायरॉइड असेल."

"नाव विचारलंय का मी? काय दिसतंय ते सांग."

"गुलाबी गोल."

"किती? सारखे की लहानमोठे? कडेला काय? आत काय?"

मी वैतागून बघत राहिलो. लहानमोठे गोल, प्रत्येकाच्या कडेने पेशींची एकच रांग, आत सपाट गुलाबी काहीतरी भरलेलं. "चर्चच्या जेवणात जेलीच्या वाट्या मांडतात ना, तसं," मी म्हणालो.

"आता नाव सांग."

"थायरॉइडच आहे."

"मघाशीही तेच म्हणालास. पण मघाशी तू फेकलं होतंस."

तिन्ही दिवस दुपारी असंच चाललं. ही बाई लेबलं चिकटवता चिकटवता एकेक स्लाइड बघत आली होती, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त बघत आली होती. मी नाव तोंडातून काढलं की टेबलावर टिचकी बसायची. शुक्रवारी बाराला त्यांनी ड्रॉवर उघडला आणि शिक्का हातात घेतला. "मारू?" मी अर्ज मागून घेतला आणि फाडला. पुन्हा चारच मिळाले असते तर मी वडिलांच्या टँकरवर असतो, ही गंमत नव्हे. पुढच्या परीक्षेत सतरा मिळाले. सत्राअखेर ए मिळाला नाही, बी मिळाला. मेडिकलच्या मुलाखतीत एका खडूस बाईंनी नेमका त्याच बीवर बोट ठेवलं. मी त्यांना तुटक्या कोपऱ्यासकट सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण लिहून घेतलं.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा घरी फोन करायच्या आधी मी काउंटरवर गेलो. मिसेस मीन्ट्सनी पत्र दोनदा वाचलं. रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला, आणि स्वतः काही घेतलं नाही.

"वेंडेल, ती पेटी मी बदलायला लावली होती."

"कुठली पेटी?"

"तुमच्या आधीच्या वर्षी चौदा नंबरची स्लाइड माझ्या हातून फुटली. मी नवी ठेवली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, मूत्रपिंड हरवलं. नवं मूत्रपिंड त्याच्या हातात होतं. मी डॉ. स्कॉगनना जाऊन सांगितलं की तुमची मुलं काच पाठ करतायत, पेटी नवी मागवा आणि त्यांना कळू देऊ नका." त्या थांबल्या. "तुमच्यातल्या सहा जणांनी विषय सोडला. दोघांनी तर मेडिकलचाच नाद सोडला. सगळ्यांना मी प्रयोगशाळेत बोलावलं होतं, पण तू एकटाच आलास."

त्या दोघांत कर्टिस होता. मला राग आला, खोटं कशाला सांगू. वर्षभर मी ज्यांना देवमाणूस समजत होतो, त्यांनीच मला खड्ड्यात ढकललं होतं.

"पुन्हा वेळ आली तर कराल?"

"करेन," त्या म्हणाल्या. "पण आधी सांगेन."

मी वडी तशीच ठेवली आणि आभार न मानता निघून आलो.

त्यानंतर छत्तीस वर्षं गेली. मी तिथून तीस मैलांवरच्या गावात दवाखाना चालवतो. नाताळला कार्डं पाठवत राहिलो, पण ती गोष्ट दोघांनीही कधी काढली नाही. मिसेस मीन्ट्स नव्वदीच्या झाल्या, वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि त्यांची नजर गेली. तेव्हापासून दर गुरुवारी मी जातो. खिडकीशी बसून बाहेर काय आहे ते मी सांगायचं आणि नाव त्यांनी घ्यायचं, असा आमचा खेळ.

"छोटा पक्षी. पाठ राखाडी, पोट पांढरंफटक, चोच गुलाबी. खाली सांडलेले दाणे टिपतोय."

"जंको. म्हणजे थंडी आलीच."

गेल्या गुरुवारी त्यांनी खिडकीकडे तोंडच केलं नाही.

"आज माझ्याकडे बघ आणि सांग. इथे सगळे म्हणतात, छान दिसताय. तू तसलं काही सांगू नकोस."

त्यांचा डॉक्टर मी नाही, तो दुसरा आहे. तरी मी बघितलं. मला ते बघायचं नव्हतं.

"पाय सुजलेत," मी म्हणालो. "बुटाची नाडी बांधता आलेली नाही. एका वाक्यात दोनदा श्वास घेताय. ओठ निळसर आहेत. मानेची शीर उडतेय. स्वेटरचं एक बटण चुकलंय."

"सगळं दिसतं की तुला," त्या समाधानाने म्हणाल्या. "नाव घेऊ नकोस. माझ्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलंय मला."

मी खाली वाकून त्यांचं बटण नीट लावलं.

"मिसेस मीन्ट्स, तुम्ही ती पेटी बदललीत, फार बरं केलंत. त्या दिवशीच म्हणायला हवं होतं. मी मूर्ख होतो."

"रागावला होतास," त्या म्हणाल्या. "तुझी वडी मी फ्रीजमध्ये ठेवली होती. आठवडाभर."

मग त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"सांग, बाहेर काय आहे?"