स्प्रिंग माझ्या ओटीत होती

इकडं या गं पोरींनो, सरका जवळ. तो टीव्ही बंद करा आधी. या ग्रुपवर रोज अनुभव मागता, अन् कोणी जीव लावून लिहिलं की अर्धं वाचून विचारता, "मावशी, शेवटी काय झालं?" अशानं कोण सांगेल तुमाले? आज पूर्ण वाचा.

मी अशा गोष्टी मानणारी बाई नाही. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर पायानं बाजूले सारून भाजी घ्याले जाणारी मी. म्हणूनच हे लिहाले तीन वर्षं लागली...

अमरावतीले, राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं कॉफीचं दुकान. ह्यायनं, म्हणजे माझ्या मालकानं, मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून जुनी इटालियन मशीन आणली होती. बटन वगैरे काही नाही. खाली गॅसचा बर्नर, वर पितळी टाकी, दाबाचा एक काटा, अन् समोर हातभर लांब दांडा. हँडलमध्ये कॉफीची पूड दाबून भरायची, दांडा खाली ओढायचा, मनात पाच मोजायचे. तेवढ्यात पाणी आत भरते. मग आतली स्प्रिंग दांड्याले हळूहळू वर नेते अन् कॉफी मधासारखी उतरते. पण पूड जाडी झाली, ढिली भरली, नाहीतर वायसर सुकला, की दांड्याले अडवणारं कोणी राहत नाही. सटकन वर येते.

मले शिकवताना ह्यायनं एकच गोष्ट तीनदा सांगितली. "दांड्यासमोर तोंड न्यायचं नाही. जबडा तोडते."

इटलीचे वायसर आणता कुठून? ते माझं डोकं. हापशीचा चामडी वायसर कापून बरोबर मापाचा करायचा, दोन दिवस गोड्या तेलात भिजत ठेवायचा. वर्षभर पाहाले नको.

मग हे आजारी पडले. नऊ दिवस घशात नळी. एक शब्द निघाला नाही. मी उशाशी होती. माझं बोट दाबलं की "हो", सोडलं की "नाही". एवढंच बोलणं. तसेच गेले.

तेरवीच्या पंगतीत धाकटे दीर, अकोल्याचे सुधाकर भाऊजी, सगळ्यांसमोर उभे राहिले. "दादानं शेवटी माह्या कानात सांगतलं, सुधाकर, मशीन तुले देली. तूच चालव." सोयरे रडाले लागले. माझ्या हातात वाढायची भाजी. तेरवीच्या पंगतीत भांडण झालं तर गेलेल्याचं पान उपाशी राहते, असं आमच्याकडं मानतात. म्हणून मी गप राहिली. तिथंच चुकली. पंगत उठली तेव्हा मशीन टेम्पोत चढलेली होती.

मशीन गेली याचं दुःख कमी होतं हो. पण जो माणूस न बोलता गेला त्याच्या तोंडात भाऊजीनं आपलं वाक्य कोंबलं... ते वाक्य सुधाकर भाऊजीच्या तोंडातून परत काढायचं, दात पाडून काढावं लागलं तरी चालेल, असं मी रोज भांडी घासताना म्हणत होती.

अकोल्यात त्यायचं दुकान चाललं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाले तेच वाक्य ऐकवत. हे मले त्यायची बायको, माझी जाऊ कुंदा, सांगे. ती भोळी, तिले खरंच वाटे.

एक दिवस भाऊजीचा फोन आला. "वहिनी, दांडा सटकून राहिला हो. कालपासून तीनदा."

"पूड बारीक दळा. दाबून भरा. अन् सुरुवातीची वाफ सोडून देत जा, नाहीतर काटा खोटाच दाब दाखवते."

"अजून काही?"

"बस. एवढंच."

तोंड बाजूले ठेवायचं मी सांगितलं नाही. विसरली नव्हती.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "वायसर गेले वाटते. तुमच्याशिवाय कोणाले जमते? या ना."

दुपारच्या बसनं गेली. गॅस आदल्या दिवसापासून बंद. टाकी थंडगार, काटा शून्यावर. हे नीट लक्षात ठेवा. मी पिस्टन काढला, स्प्रिंग काढली. मनगटाएवढी जाड स्प्रिंग. टेबल तेलानं माखलेलं, म्हणून फडक्यात गुंडाळून माझ्या ओटीत ठेवली. दांडा नुसता खाली लोंबत होता, झोपलेल्या माणसाच्या हातासारखा. कुंदा बाजूले वाटीत वायसर चोळत बसली होती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "वा, मशीन कुठून आणली भाऊ?"

"आज बंद आहे," कुंदा म्हणाली.

पण भाऊजी राहतात काय! मशीनवर रेलले, तोंड बरोबर दांड्याच्या वर. "याची मोठी गोष्ट आहे. दादानं शेवटी माह्या कानात..."

दांडा वर आला.

मी आवाज ऐकला. ओला, लाकूड फुटावं तसा. भाऊजी खाली बसले, तोंडावर हात, बोटांतून रक्त. अन् दांडा पुन्हा पहिल्यासारखा लोंबकळत. मी ओटीत हात घातला. स्प्रिंग तिथंच होती. थंड.

दुकानासमोरच रिक्षात बसताना कुंदा रडत म्हणाली, "बाई, तुमी सांगतलं होतं ना त्यायले, तोंड समोर नेऊ नका म्हणून?"

"सांगतलं होतं," मी म्हटलं.

जबडा तारेनं बांधला. सहा आठवडे नळीनं पेज, एक शब्द नाही. त्यायच्या दादासारखंच. मले वाईट वाटलं का? नाही. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

चौथ्या आठवड्यात कुंदा टेम्पोत मशीन घेऊन दारात उभी. सोबत भाऊजीच्या अक्षरातली चिठ्ठी. "दादा काही बोलला नव्हता. वहिनी, तुमची वस्तू तुमाले." ती चिठ्ठी मी ह्यायच्या फोटोमागं ठेवली आहे.

नांदगाव पेठच्या एका ओळखीच्या फिटरले विचारलं. तो म्हणे, "दुसरी स्प्रिंग असेल मावशी."

"एकच असते."

"मग तुमी काढलीच नसेल."

त्याले सगळं उघडून दाखवलं. बराच वेळ दांडा हलवत बसला अन् कॉफी न पिता गेला.

मशीन आता झकास चालते. पण दांडा ओढताना मी तोंड पार भिंतीकडं फिरवतो. गिऱ्हाइकं हसतात. त्यायले काय माहीत, त्या मशीनदेखत भाऊजी खोटं बोलले अन् मीही. कोणी केलं हे, ह्यायनं, मशीननं, का भांडी घासतानाच्या माझ्या बोलण्यानं... मले आजही कळलं नाही.

कुंदा, तू या ग्रुपवर आहेस हे मले माहीत आहे. तोंड समोर नेऊ नका असं मी त्यायले सांगितलं नव्हतं गं. भाऊजीले घेऊन ये या रविवारी, दोघांची कॉफी मी काढतो. हेच तुले तोंडानं सांगायचं आहे, मशीनसमोर उभी राहून, तोंड समोर ठेवून. लवकर ये.