ड्रॉइंगवर नाव माझंच

“तू नको उचलूस. पूजा झालीय तिची.”

दसऱ्याचा दुसरा दिवस. सांवेर रोडवरचा आमचा पत्रा कापायचा कारखाना. सेठजींच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोपुढे पेनड्राइव्हएवढी एक किल्ली ठेवलेली, वर हळदकुंकू. ती कॉम्प्युटरला लावल्याशिवाय आमचं महागडं सॉफ्टवेअर उघडायचं नाही. मी ती घ्यायला हात पुढे केला आणि हेड डिझायनर साहेब हे बोलले. ते पुण्याहून आलेले. हिंदी मुलखात मी मराठी म्हणून सुरुवातीला फार गोड वागायचे. मग एकदा आडनाव विचारलं, गाव विचारलं. मी महू म्हणाले, आजोबा पलटणीत होते म्हणाले. पुढे त्यांना काही विचारावं लागलं नाही.

माझ्यानंतर लागलेले दोघे डिझायनर ती किल्ली बिनदिक्कत उचलायचे. माझ्या कॉम्प्युटरला मात्र साहेब स्वतः येऊन लावायचे, स्वतःच काढून न्यायचे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी त्यांची पूजा काही उतरेना. मला सगळं कळत होतं. तरी मी गप्प बसले, याची आजही चीड येते.

घरी भावाच्या जुन्या लॅपटॉपवर मी दुसरा प्रोग्राम शिकले. खुला. किल्ली नाही, परवाना नाही. आतला कोड कुणीही वाचावा, चुकला असेल तर सुधारावा. कुठकुठल्या अनोळखी माणसांनी तो असाच सुधारत आणलेला. मीही त्यात डोकं घातलं. कुणाला विचारावं लागलं नाही.

मार्चमध्ये देपालपूरच्या पार्टीची ऑर्डर आली, धान्य चाळायच्या मशीनचे भाग. स्टीलचे पत्रे दहाच शिल्लक, आणि माल त्याच संध्याकाळी न्यायचा. साहेबांच्या सॉफ्टवेअरनं पत्र्यावर तुकड्यांची मांडणी करून अकरा पत्रे मागितले. मोठ्या तुकड्याच्या भोकात लहान तुकडा बसवणं त्याला जमतच नव्हतं. मी म्हणाले, माझ्या प्रोग्रामवर नऊमध्ये बसतंय.

“तुम्हा लोकांना फुकटचंच लागतं,” साहेब म्हणाले. सगळ्यांसमोर. हसत.

पिशवीतून भावाचा लॅपटॉप काढून मी सेठजींपुढे ठेवला. कटिंग मशीनच्या ऑपरेटरनं स्क्रीनवर बोट ठेवून एकेक तुकडा मोजला. सगळे भरले.

साहेबांचं हसू गेलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “ड्रॉइंगवर डिझायनरच्या रकान्यात नाव माझं टाक, पार्टीला तीच सवय आहे.” सेठजींनाही तेच सोपं वाटलं. “अरे बिटिया, काम हो रिया है ना, बात खतम कर.”

माझं काम चालत होतं. माझा हात चालत नव्हता, माझं नाव चालत नव्हतं.

“ड्रॉइंग माझ्या नावानं जाईल, आडनावासकट,” मी म्हणाले. “नाहीतर फाइल देत नाही.”

मशीन चालू करून ऑपरेटर थांबलेला. सेठजींनी घड्याळ पाहिलं, माझं नाव राहू दिलं आणि कापायला सांगितलं. नऊ पत्रे लागले. दहावा भिंतीला टेकून तसाच राहिला.

दोन महिन्यांनी मला काढलं. कारण दिलं, टीममध्ये जमत नाही. तो खुला प्रोग्राम आता तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरवर आहे, असं ऑपरेटर सांगत होता. साहेबही तोच वापरतात. वापरा. तो सगळ्यांचा आहे, तुमचाही. पण मी केलेलं काम माझं आहे, त्यावर दुसऱ्याचं नाव चढू देणार नाही. नोकरीवरून काढा, पुढच्याही नोकरीवरून काढा. आडनाव मी खोडणार नाही.