नाव घातलेली भांडी

कौशल्या गजभिये यांनी कोथरूडमधला फ्लॅट विकायचं ठरवलं ते २००६ च्या दिवाळीनंतर. म्हणजे त्यांच्या मुलाने, रोहनने ठरवलं आणि त्यांनी हो म्हटलं. रोहन हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने तिकडेच नवा फ्लॅट घेतला होता. त्यात आईसाठी एक खोली होती, खोलीत एक पलंग आणि भिंतीतलं एक कपाट.

"आई, कपाटात मावेल तेवढंच घे," तो म्हणाला. आवाजात राग वगैरे काही नव्हता, तो नुसतं माप सांगत होता.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. रविवारी मेस बंद असली की मावशींकडे जेवायचे. त्यामुळे आवराआवरीला मी आपोआपच होते. शोकेस गेली, शिलाई मशीन गेलं, मावशींचे यजमान भीमरावकाका जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यांची सायकलही गेली. मावशी प्रत्येक वेळी दार उघडून बाजूला उभ्या राहिल्या. अडल्या त्या भांड्यांपाशी.

स्टीलची भांडी, आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. 'चि. रोहनच्या नामकरणानिमित्त, सरुबाई मेश्राम, बोपोडी.' 'वास्तूनिमित्त सप्रेम भेट, हिराबाई वासनिक, १९९२.' हा दुसरा पिठाचा मोठा डबा होता.

मावशी आणि हिराबाई दोघी वर्ध्याकडच्या. दोघींचे नवरे खडकीच्या एकाच कारखान्यात. बोपोडीत दोघींच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या आणि नळ एकच. रोहन झाला तेव्हा सव्वा महिना हिराबाईंनी दोन्ही चुली सांभाळल्या. पुढे गजभिये कोथरूडला आले. घरभरणीला बुद्धवंदना घेतली, जेवण ठेवलं. बोपोडीहून टेम्पो भरून माणसं आली. सोसायटीतल्या बायका दारातच पेढा घेऊन थांबल्या. एकीने विचारलं, "गजभिये म्हणजे नेमके कुठले हो तुम्ही?" उत्तर ऐकल्यावर सगळ्यांचा एकदम उपास निघाला. त्या दिवशी पंगतीत जे बसले, त्यांचीच नावं या भांड्यांवर होती.

"मोडीत दिली की वितळवतात ना गं?" मावशींनी मला विचारलं. "मग नावं?"

मी इंजिनिअर. मला प्रश्न दिसला आणि उत्तरही दिसलं. ऑफिसातून एक्सेलमध्ये यादी करून आणली: भांडं, कोणी दिलं, कधी, आता पत्ता काय. ज्याचं भांडं त्याच्या घरी पोचवायचं.

"आहेर परत करतात का कुठे?" मावशी म्हणाल्या.

"परत नाही हो. आठवण म्हणून द्यायचं."

मावशींनी यादीवरून बोट फिरवलं. नावं छान टाइप केलेली होती. त्यांना पटलं की माझ्या मेहनतीचं वाईट वाटलं, मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या दोन-तीन घरी काही झालं नाही. सरुबाई हयात नव्हत्या. त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "वॉचमनकडे ठेवा ना." दुसरीकडे सून म्हणाली, "आमच्याकडे आता सगळं नॉनस्टिक आहे, पण असू दे." जिना उतरताना मावशी म्हणाल्या, "घेतलं तरी."

मग एका शनिवारी हिराबाई. माझ्या स्कूटीवर मागे पिशवीतला डबा मांडीवर घेऊन मावशी बोपोडीपर्यंत बसल्या. हिराबाई त्याच जुन्या खोलीत होत्या. मावशींना बघून त्यांनी लगेच चहा टाकला. मग पिशवीतून डबा बाहेर आला.

"हा काहून आणलास?"

"नव्या घरात जागा नाही गं. मोडीत घालवेना. म्हटलं, तुझं नाव आहे, तर तुझ्याकडेच…"

हिराबाईंनी गॅस बंद केला. "माझ्या नावाला जागा नाही म्हण की."

"तसं नाही हिरा."

"मग कसं? नीट समजाव. तू कोथरूडची, तुला बोलता येतं."

मी मध्ये पडले. "आजी, ही माझी कल्पना होती…"

"तू बस, पोरी. तुझं त्यात काही नाही."

त्या उठल्या आणि फळीवरून एकेक भांडं उतरवायला लागल्या. एक पातेलं, दोन ताटं, तांब्या, कडीचा डबा. प्रत्येक भांडं पदराने पुसून मावशींच्या पुढ्यात ठेवलं. "हे माझ्या आम्रपालीच्या लग्नातलं. ही ताटं तुझ्या भीमरावांनी बोनसातून आणलेली." सगळ्यांवर 'कौशल्याकडून' असं कोरलेलं होतं.

"हिरा, असं करू नको."

"परत करायचं तर दोघींनी करू. अर्धवट कशाला ठेवायचं?"

मी पिशवी धरली आणि हिराबाईंनी ती भरली. डबा त्यांनी ठेवून घेतला. चहा पातेल्यात तसाच राहिला.

परतताना प्रत्येक गतिरोधकावर पिशवी वाजत होती. एका सिग्नलला मावशी म्हणाल्या, "सकाळपर्यंत पीठ होतं त्यात. मीच काढलं, धुतला, उन्हात वाळवला."

उरलेली भांडी त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोडीत दिली. एकही नाव वाचलं नाही. सामान हलवायच्या दिवशी रोहनला पिशवी दिसली.

"आई, हे कुठून आलं? हे तर आपल्याकडे नव्हतं."

"हिराचं आहे. ठेवायला दिलंय."

हिंजवडीच्या कपाटातला खालचा खण त्या भांड्यांनी भरला. त्यासाठी मावशींनी साड्या वाटून टाकल्या. हिराचा राग गेला की परत नेऊन द्यायची, असं त्या म्हणतात. दर आठवड्याला फोन लावतात. हिराबाईंची सून उचलते आणि म्हणते, "आई झोपल्यात."

तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात.