आईच्या नावाचा रकाना

हॉलंडमधल्या या हूफडॉर्प गावात जिवंतांपेक्षा मेलेल्यांशी जास्त ओळख असलेला एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. मूळचा सुरीनामचा, काळा, धिप्पाड, माझ्याच वयाचा. त्याच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलं आणि डच मालकांच्या कॉफीच्या मळ्यावर राबवलं. त्या गुलामांच्या नोंदवह्यांतून यानं आपल्या सात पिढ्या हुडकून काढल्यात. नावांची ती भली मोठी गुंडाळी सायकलला बांधून फिरतो आणि दुकानात, बसथांब्यावर, सापडेल त्याच्यासमोर उलगडतो. डॉक्टरनं एकदा विचारलं, घरात कुणाला साखर आहे का? तर हा पणजीच्या पणजीपासून सुरू झाला. बाहेर आम्ही सहा जण खोकत बसलेलो. कॉफी घेतली की पहिला घोट कुंडीत ओततो. म्हणतो, "पिकवली त्यांनी, चाखली मालकानं." मी मुलाकडे राहायला आल्यापासून माझ्याशी निवांत बोलणारा हा एकटाच. लहानपणी तिकडे भारतातून नेलेल्या मजुरांच्या, म्हणजे हिंदुस्तानींच्या शेजारात वाढला, त्यामुळे त्यांची भोजपुरीसारखी बोली त्याला येते.

मी त्याच्यावर जळतो. सरळ सांगतो. चौथी शिकलेला माणूस मी, गोड बोलणं जमत नाही. आमच्यातलं कुणी कधी विकलं गेलं नाही, तरी मला सख्ख्या आजीचं नाव ठाऊक नाही. एकदा तसं तोंडावर बोललो. तो हसला नाही. "मालाची यादी होती ती, भैया. गुराढोरांसारखी. म्हणून नावं राहिली. पाहिजे तुला?" तरी जळणं काही गेलं नाही.

बायकोला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी तो तिच्यासाठी कोरा कागद आखून घेऊन आला. गुलामांच्या वह्यांत बापाचा रकाना नसतो, आईचा असतो. म्हणून यानं तोच काढलेला.

"सुनंदा," मी सांगितलं.

"ई नाम माई रखिस रहा?"

नाही. ते मी ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं, तेही भटजींनी पंचांगातून आद्याक्षर काढून दिल्यावर.

"हमार लोगन के नाम मालिक बदल देत रहा," तो हळूच म्हणाला.

"मी विकत नव्हती आणली तिला!" मी असा ओरडलो की सूनबाई वरून धावत आली. तो तसाच बसून राहिला, हातात पेन धरून.

शेवटी सांगितलं. माहेरी ती सखू होती. आणि आईचं नाव? सासूबाईंना तर सगळं गाव सखूची आईच म्हणायचं. मेव्हण्याला फोन लावला, तर त्यालाही माहीत नाही. म्हणाला, "दाजी, आईला कोण नावानं हाक मारणार?"

शेजाऱ्यानं डच अक्षरांत सखू लिहिलं, आईचा रकाना रिकामा ठेवला. म्हणाला, एकदा मोठ्यानं म्हण.

"सखू," मी म्हटलं. परक्या बाईला हाक मारल्यासारखं वाटलं. मग अजून एकदा मारली.