पेंढ्यातल्या बांगड्या

दौंडच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान. माझं आयुष्य बायकांचे हात धरण्यात गेलं. भ्यालेला हात ताठ होतो, आन् ताठ हातावर काच फुटते. म्हणून मी बोलण्यात गुंगवते. "हात सैल सोड गं बये, मी काय तुला खाते व्हय?"

दिवाळीच्या गर्दीत पेटी उपसताना बोटात काच शिरली. तिथं फोड आला, फुटला, भरलाच न्हाई. मग त्याच्या वर गाठ, तिच्या वर आणखी एक, अशा कोपराकडं रांगेनं चालल्या. मेडिकलवाल्याचं मलम चोळलं तर जास्तच पिकल्या. बायका बघायच्या आन् हात पदराखाली घ्यायच्या. केंदूरला एका डोहाळजेवणात बांगड्या भरायला गेले, तर त्या गर्भार पोरीनं भिडेखातर हात दिला, पण लाकडासारखा. हिरवी बांगडी काडकन फुटली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

आन् ईदनंतर लेकीचं लग्न! तिचा हिरवा चुडा मीच भरणार, हे ती पाळण्यात असल्यापासून माझ्या मनात होतं.

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तवा त्यांनी विचारलं, "बांगड्या कशात भरून येतात?"

"पेंढ्यात."

"मग बरोबर. ही बुरशी पेंढ्यातली. काचेनं वाट केली, ती आत गेली. क्वचितच दिसते. पण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात नाही."

औषधाचे थेंब दुधातून घ्यायचे. तोंडाला लोखंडाची चव यायची. दुपारी गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात डोळा लागायचा. टांगलेल्या बांगड्यांतून ऊन उतरायचं, माझा हात हिरवा व्हायचा, मग लाल, मग पिवळा. झोपेत पेंढ्याचा वास यायचा, आन् कुणाकुणाचे मऊ हात माझ्या हातात येऊन विरघळून जायचे. जाग आली की फार एकटं वाटायचं.

हळूहळू गाठी बसल्या. तांबूस डाग तेवढे राहिले.

चुड्याच्या दिवशी व्याह्यांकडची एक बाई म्हणाली, "दुसरी कुणी भरंल की."

माझं डोकंच फिरलं. "का? मी मेले का अजून?"

बांगडी उचलली खरी, पण केंदूरचे तुकडे डोळ्यांपुढं आले. बांगडी लेकीच्या अंगठ्याशी अडली. ही पण भ्याली, असं वाटलं मला.

लेक माझ्या कानाशी वाकली. "अम्मी, हात सैल सोड."

तवा कळलं, तिचा हात लोण्यासारखा मऊ होता. ताठ झाला होता माझाच. बांगडी कशी आत गेली ते मला दिसलं न्हाई, डोळे भरून आले होते.